सेल्फ लागेना? बटण उघडताना या चुका टाळा

पावसाळ्यातली सकाळ. किल्ली फिरवली, न्यूट्रलचा हिरवा दिवा लागला, बटण दाबलं आणि पुढे काहीच नाही. परत दाबलं, जरा तिरकं दाबलं, अंगठा जोरात रोवला, की पाचातून एकदा लागतं. शेजारचा लगेच निकाल देतो, ‘स्विच गेलाय, नवा टाक.’ माझ्या जुन्या १२५ सीसी गाडीवर मी असाच एक स्विच उगाच बदलला आहे. नवा बसवला, ऐटीत बटण दाबलं, तरी गाडी गप्पच. दोष निघाला क्लच लिव्हरखालच्या छोट्याशा स्विचमध्ये. तेव्हापासून आधी ऐकतो, मग पाना उचलतो.

आवाज न ऐकता बटणावर खापर फोडणे

सेल्फचं बटण मोटर फिरवत नाही. ते फक्त रिलेच्या (छोट्या करंटने मोठा करंट जोडणाऱ्या स्विचच्या) कॉइलला करंट देतं, तोही दोन-चार अँपिअरच्या आतला. मोटरला त्याच्या दहापटीहून जास्त करंट लागतो आणि तो बॅटरीतून जाड वायरीने रिलेत आणि तिथून मोटरकडे जातो. म्हणून बटण दाबल्यावर सीटखाली किंवा साइड पॅनेलमागे काय ऐकू येतं ते महत्त्वाचं.

एकदाच दमदार ‘टक्’ आवाज आला आणि मोटर फिरली नाही, तर बटणाने आपलं काम केलेलं आहे. रिलेचे आतले पॉइंट, जाड वायरीचे नट, अर्थिंग किंवा मोटरचे कार्बन ब्रश बघा. ‘टकटकटकटक’ असं सुरू झालं, तर बहुतेक वेळा बॅटरी उतरलेली असते किंवा तिचं टर्मिनल ढिलं असतं. काहीच आवाज नसेल, तरच संशयाची सुई बटणाकडे वळते, आणि तीही सरळ नाही. आधी फ्यूज आणि किल स्विच (हँडलवरचा इंजिन बंद करायचा स्विच) बघायचा. किल स्विच बंद राहिल्यामुळे गाडी ढकलत गॅरेजपर्यंत नेणारे लोक मी पाहिले आहेत. हसू नका, कधी ना कधी आपलाही नंबर लागतो.

बॅटरीला मल्टिमीटर (व्होल्ट, रोध मोजायचं यंत्र) लावा. गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास हवं. मोटर फिरताना ते ९.५च्या खाली जात असेल, तर स्विच उघडण्यात अर्थ नाही.

अलीकडच्या काही गाड्यांत आवाज न करता इंजिन चालू करणारी एसीजी पद्धत असते, उदाहरणार्थ अ‍ॅक्टिव्हा ६जी किंवा एसपी १२५. तिथे वीज तयार करणारा जनरेटरच इंजिन फिरवतो, वेगळी स्टार्टर मोटर नसते, त्यामुळे हा ‘टक्’चा हिशोब लागू होत नाही. अशा गाडीत बटण आणि त्याचा कपलर (वायरी जोडणारा प्लग) तपासा, त्यापुढे जाऊ नका.

क्लच आणि न्यूट्रलला विसरणे

बऱ्याच गाड्यांत गियर पडलेला असेल तर क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही. न्यूट्रलमध्ये लागतो, पण गियरमध्ये क्लच दाबूनही लागत नाही? क्लचचा स्विच. उलट, न्यूट्रलमध्ये लागत नाही पण क्लच दाबला की लागतो? न्यूट्रलचा स्विच किंवा त्याची वायर. आणखी एक गोष्ट करून बघा: बटण दाबून ठेवा आणि हँडल सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवा. मधेच कुठेतरी सेल्फ लागला, तर मानेजवळ वळून वळून वायर आतून तुटली आहे. वरचं प्लास्टिक शाबूत दिसतं, आतलं तांबं गेलेलं असतं. ही चाचणी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवूनच करा, नाहीतर सेल्फ लागताच गाडी पुढे उडी मारेल.

बॅटरी न काढता उघडणे

आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. जोडताना ती सगळ्यात शेवटी. स्विचचे दोन स्क्रू बहुधा खालच्या बाजूने असतात, वर्षानुवर्षं पाणी पिऊन गच्च बसलेले. बसेल तो स्क्रू-ड्रायव्हर घालून फिरवलात की डोक्याची खाच गुळगुळीत होते, आणि मग अर्धा दिवस त्या एका स्क्रूपायी जातो. नेमक्या मापाचा घ्या आणि दाब देऊनच फिरवा.

स्विच उघडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. बटणामागची स्प्रिंग आणि किल स्विचची बारीक छर्रा-गोळी यांना उडायची भारी हौस. खाली जुना टॉवेल अंथरा. फरशीवर गोळी पडली तर ती कपाटाखालीच जाणार, हे ठरलेलं.

रेती-पेपरने खरवडणे आणि तेल ओतणे

आत काय दिसतं? बटणाखाली तांब्याची किंवा पितळेची छोटी पट्टी आणि तिच्यासमोर दोन टिकल्या. बटण दाबलं की पट्टी दोन्ही टिकल्यांना टेकते, बस, एवढंच. कल्हई उडालेल्या पितळेच्या पातेल्यात ताक कळकतं, तसाच हिरवट थर या टिकल्यांवर चढतो. कधी मधोमध काळा ठिपका असतो, ती ठिणगीची खूण. कोकणात, समुद्राजवळच्या खाऱ्या हवेत, हे फार लवकर होतं.

इथे जाडा पॉलिश पेपर घासू नका. टिकलीवरचा मुलामा निघून जातो आणि पुढच्या पावसाळ्यात ती दुप्पट वेगाने कळकते. शाळेचं खोडरबर घ्या, त्याचा कोपरा कापून टोक काढा आणि टिकली घासा. हिरवं निघून खाली तांबूस चमक दिसली की थांबा. फारच चिवट असेल तर १००० नंबरचा पेपर, तोही दोन-तीन हात. मग कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, जुना टूथब्रश फिरवा आणि पूर्ण सुकू द्या.

बटणाच्या फटीतून साधं डब्ल्यूडी-४० मारणं हा सगळ्यांचा आवडता उपाय. पाणी हटतं, गाडी चालू होते आणि आपण खूश. पण मागे राहिलेल्या तेलकट थरावर धूळ बसते आणि महिन्याभरात तिचा चिकटा होतो. घाईच्या वेळी मारा हवं तर, पण ती सफाई समजू नका. खोबरेल तेल, रॉकेल, पेट्रोल हे तर लांबच ठेवा. पेट्रोलची वाफ आणि स्विचची ठिणगी यांची गाठ कशाला घालून द्यायची? ग्रीस लावायचंच तर सिलिकॉनचं, बोटाला जेमतेम लागेल एवढं, आणि तेही बटणाच्या सरकणाऱ्या प्लास्टिकवर.

साफ केल्यावर जोडण्याआधीच मल्टिमीटरने बघा: बटण दाबल्यावर रोध जवळजवळ शून्य यायला हवा. दहा-बारा वेळा दाबून आकडा नाचत असेल, तर स्प्रिंग मेली आहे किंवा वायरीचा डाग दिलेला (सोल्डर केलेला) सांधा सुटला आहे. सांधा परत डाग देऊन नीट होतो, मेलेली स्प्रिंग नाही.

नवा घेताना रंगावर भरोसा ठेवणे

जुना स्विच हातात घेऊनच दुकानात जा. एकाच नावाच्या गाडीच्या बीएस-४ आणि बीएस-६ (जुन्या आणि नव्या प्रदूषण-नियमांच्या) आवृत्त्यांचे कपलर वेगळे असू शकतात. स्वस्तातला स्विच कपलर नसलेला मिळाला, की वायरी तोडून पिळायच्या आणि काळी टेप गुंडाळायची हा प्रकार सुरू होतो. पाऊस त्या टेपखाली सहज शिरतो. जोड द्यायचाच असेल तर डाग द्या आणि वर गरम करून आकसणारी नळी चढवा. वायरींचे रंग जुळले म्हणून काम जुळलं असं नाही. मीटर लावून कुठली वायर बटण दाबल्यावर कुठल्या वायरीला मिळते ते बघा.

रिलेचे दोन नट स्क्रू-ड्रायव्हरने जोडून गाडी चालू करणं हाही एक लोकप्रिय खेळ. गाडी न्यूट्रलमध्ये आहे की गियरमध्ये, हे रिलेला कळत नाही. हॉर्नच्या बटणावर किंवा दारावरच्या बेलच्या बटणावर सेल्फ जोडलेल्या गाड्याही रस्त्यावर दिसतात. घरी पोहोचण्यापुरतं ठीक, कायमचं नको.

बसवल्यावर घाई करणे

स्विचच्या आतल्या बाजूला एक छोटी खुंटी असते, ती हँडलवरच्या भोकात बसली पाहिजे. न बसता स्क्रू आवळले की प्लास्टिकला चीर जाते. आणि उजवीकडच्या स्विचशेजारूनच अ‍ॅक्सिलरेटरची केबल जाते. म्हणून गाडी चालू करण्याआधी हँडल डावीकडे, उजवीकडे पूर्ण वळवून प्रत्येक ठिकाणी अ‍ॅक्सिलरेटर पिळून सोडा. तो खटकन परत यायला हवा. अडकत असेल तर स्विच परत खोला.

सेल्फ एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबू नका, मधे दहा-पंधरा सेकंद जाऊ द्या. इंजिन चालू होऊनही मोटर फिरतच राहिली तर किल्ली बंद करा. त्यानंतरही थांबली नाही, तर रिलेचे पॉइंट आत चिकटलेत. बॅटरीची वायर लगेच काढावी लागेल.

पुढच्या वेळी वॉशिंग सेंटरवर पाइपचा झोत थेट हँडलवर मारू देऊ नका. दोन्ही स्विचवर पिशवी बांधा, आणि धुऊन झाल्यावर ती आठवणीने काढा. मी एकदा आठवडाभर तशीच ठेवली होती. आतल्या ओलीने टिकल्या परत हिरव्या.