जूनमध्येच वर आणायच्या पेट्या: पुरासाठी इमारतीतल्या इमारतीत आसरा कसा तयार ठेवावा

आम्ही बडोद्यात समा भागात राहतो. इमारत जुनी, तळमजल्यावर दोन मजले, लिफ्ट नाही, दर मजल्यावर चार घरं. माझं घर सगळ्यात वरचं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये जन्माष्टमीच्या पावसानंतर विश्वामित्री नदी चढली, तेव्हा तळमजल्यावरच्या तीन घरांतली माणसं तीन दिवस आमच्या दोन बेडरूमच्या घरात होती. आम्ही नवराबायको धरून चौदा जण. त्यात एक इन्शुलिनवर असलेले आजोबा, एक सहा महिन्यांचं बाळ आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या शेजारच्या बा, म्हणजे आजी. आम्हाला जे जमलं आणि जे जमलं नाही, त्यावरून आता दर जूनमध्ये जी तयारी करतो ती इथे सविस्तर लिहिते आहे. आपल्याकडे पुरात पहिला आसरा सरकारी शाळेत नसतो, वरच्या मजल्यावर असतो. मदतीची होडी येईपर्यंत एक-दोन दिवस तिथेच काढायचे असतात.

आधी संकोच काढा

सगळ्यात मोठी अडचण सामानाची नव्हती. त्या रात्री खाली पाणी ओट्याच्या पायरीला लागलं तेव्हाच मी हाक मारली होती. बा म्हणाल्या, "आत्ता नको, एवढ्या रात्री तुम्हाला कशाला तरास." त्या आल्या तेव्हा पाणी मांडीपर्यंत होतं, वीज गेलेली होती, आणि दोन मुलांनी त्यांना खुर्चीत बसवून अंधारात जिना चढवला. ज्यांच्या घरी रोज वाटीची देवघेव चालते त्यांनाही रात्री अंथरूण घेऊन दुसऱ्याच्या दारात उभं राहणं जड जातं. हे पावसात समजावून सांगता येत नाही.

म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात तळमजल्यावरच्या प्रत्येक घराला चहाला बोलवा आणि सरळ विचारा: पाणी आलं तर तुम्ही कुणाकडे येणार? कोण कुणाकडे हे त्याच वेळी ठरवा. घर नुसतं दाखवू नका, जागा दाखवा. बांची जागा आतल्या खोलीतला पलंग, कारण तिथून संडास चार पावलांवर आहे. बाळाची जागा खिडकीपासून लांब, कपाटाच्या आडोशाला. आजोबांना भिंतीला टेकून बसता येईल असा कोपरा. एकदा माणसाने आपली जागा डोळ्यांनी पाहिली की निघताना पाय अडखळत नाही. ज्यांच्या घरी कुत्रा-मांजर आहे त्यांचंही तेव्हाच ठरवा. प्राण्याला सोडवत नाही म्हणून माणसं खाली थांबून राहतात. आमच्याकडे त्यांच्यासाठी जिन्याचा वरचा टप्पा राखलेला आहे.

जागेचा हिशोब असा करा. छावणीसाठी माणशी साडेतीन चौरस मीटर जागा धरतात. घरात तेवढी मिळत नाही, पण प्रत्येकाला आडवं होता येईल एवढी सतरंजी पसरून मोजून बघा. आमच्या हॉलमध्ये सहा जण मावतात. सातव्याला गॅलरीत झोपवायची वेळ आली तर त्याचं नाव आधीच दुसऱ्या घरात लिहा.

पेटी

प्रत्येक खालच्या घराची एक पत्र्याची पेटी किंवा झाकणाचा प्लास्टिकचा डबा १५ जूनला आमच्या माळ्यावर येतो. आयत्या वेळी पिशवी भरायला माणूस जातो तेव्हा तो देव, अल्बम आणि टीव्ही यांच्यातच अडकतो. पेटी आधीच वर असली की त्याला फक्त स्वतःला वर यायचं उरतं.

पेटीत प्रत्येकाचा एक सुती कपड्यांचा जोड, टॉवेल, चादर, एका आठवड्याची औषधं आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत, जुना चष्मा, सॅनिटरी पॅड, बाळ असेल तर लंगोट आणि वाटी-चमचा. रोख पैसे दहा, वीस, पन्नासच्या नोटांत ठेवा. नेटवर्क गेलं की मोबाइलने पैसे देता येत नाहीत, आणि दूधवाल्याकडे पाचशेची मोड नसते. आधार, रेशनकार्ड, घराचे कागद, विमा यांच्या प्रती प्लास्टिकच्या पाकिटात. औषधांच्या तारखा दर महिन्याच्या पहिल्या रविवारी खालची माणसं स्वतः येऊन बघतात. जाड तळव्याची बंद चप्पल किंवा जुने बूट प्रत्येकाचे हवेतच. पाण्याखाली फुटलेल्या काचा आणि उघडी गटारं दिसत नाहीत.

आजोबांच्या इन्शुलिनसाठी आम्ही मातीचं मडकं वापरलं. मडक्यात ओली वाळू, वाळूवर स्टीलचा छोटा डबा, डब्यात प्लास्टिकच्या पिशवीत इन्शुलिन, वरून ओलं फडकं. फडकं वाळू द्यायचं नाही. बर्फाला थेट चिकटवून ठेवू नका, गोठलेलं इन्शुलिन टाकूनच द्यावं लागतं.

पाणी

यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण इथेच आमचं चुकलं.

पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी दिवसाला तीन लिटर धरा. चौदा माणसं, तीन दिवस, म्हणजे १२६ लिटर, म्हणजे वीस लिटरचे सात जार. एकाच घरावर भार नको, म्हणून वरच्या चारही घरांत दोन-दोन जार भरून ठेवतो. पावसाचा इशारा आला की घरातली पिंपं, बादल्या, कुकर, परातीसुद्धा भरतो. वीज गेली की मोटार बंद, आणि गच्चीवरच्या टाकीत जे असेल तेवढंच उरतं.

आमच्या टाकीत त्या रात्री निम्म्याहून जास्त पाणी होतं. सकाळी ती कोरडी. खालच्या एका घरातला नळ घाईत उघडा राहिला होता, तो पुराच्या पाण्याखाली वाहत राहिला आणि आवाज कुणाला आला नाही. तेव्हापासून गच्चीवरच्या तळमजल्याच्या वॉल्वला लाल रंग दिला आहे. खालचा शेवटचा माणूस वर आला की तो वॉल्व बंद करायचा. हे काम कुणाचं ते नावानिशी ठरलेलं आहे.

जमिनीखालच्या टाकीत पुराचं पाणी शिरलं असेल तर वीज आल्यावरही मोटार चालू करू नका. तेच गटाराचं पाणी वर चढतं आणि मग वरची टाकीही वाया जाते. गढूळ पाणी वापरायचीच वेळ आली तर चार पदरी सुती कापडातून गाळा, खळखळून उकळा, किंवा पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबा. गच्चीवर ताडपत्री बांधून पावसाचं पाणी पिंपात घेतलं, ते धुण्या-पुसण्याला पुरलं.

संडास

कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. गटारं तुंबली की खालच्या घरात पाणी दारातून यायच्या आधी कमोडमधून आणि मोरीच्या जाळीतून वर येतं. वाळूची छोटी पोती, नाहीतर ओल्या कापडाने गच्च भरलेली पिशवी कमोडमध्ये बसवून वर वजन ठेवा, मोरीच्या जाळीवरही तेच. आणि वरच्यांनी लक्षात ठेवावं: लाइन तुंबलेली असताना तुम्ही वर ओतलेलं पाणी खालच्या शेजाऱ्याच्या घरात निघतं. त्यामुळे पहिल्या रात्रीनंतर आम्ही कमोडमध्ये जाड काळी पिशवी अडकवली, प्रत्येक वेळी वर मूठभर लाकडाचा भुसा, आणि पिशवी अर्धी भरली की गाठ मारून झाकणाच्या बादलीत. भुसा आमच्याकडे गणपतीच्या सजावटीतून उरलेला होता. आता एक पोतं मुद्दाम ठेवतो, शिवाय पिशव्यांची दोन पाकिटं, ब्लीचिंग पावडर आणि साबण. चौदा माणसांत एकाला जुलाब लागले की सगळ्यांना लागतात. ओआरएसची वीस पाकिटं असूद्यात. नसलीच तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ.

खाणं

इथे फार डोकं लावू नका. पहिल्या दिवशी थेपले, खाखरे, सुकडी, चुरमुरे, दाणे-गूळ. पुढे मऊ खिचडी नाहीतर मेतकूट-भात, म्हाताऱ्यांना आणि मुलांना दोघांनाही चालतो. बाळासाठी दूध पावडर. कोळशाची शेगडी किंवा जनरेटर बंद खोलीत कधीही नको, त्यातला विषारी वायू नाकाला कळत नाही. मेणबत्त्यांऐवजी बॅटऱ्या वापरा, सतरंज्या आणि मुलं एकाच खोलीत असतात.

केव्हा वर यायचं

विश्वामित्री पावागडच्या डोंगरातून येते, आणि आजवा सरोवराचं, प्रतापपुरा तलावाचं पाणी तिला मिळतं. त्यामुळे शहरातला पाऊस थांबून ऊन पडलं तरी पातळी तासन्‌तास वाढत राहू शकते. २०२४ मध्ये अनेकांची फसगत इथेच झाली. काळ्या घोड्याच्या पुलापाशी धोक्याची पातळी २६ फूट आहे. त्या वेळी नदी ३५ फुटांच्याही वर गेली होती. आमच्या इमारतीचा नियम असा: काळ्या घोड्याला १८ फूट झाले की गाड्या उंचावर लावायच्या आणि खालचं सामान ओट्यावर, माळ्यावर. २० फुटांना म्हातारी माणसं, बाळं आणि आजारी वर. २२ फुटांना सगळे वर, मग कितीही वाजलेले असोत. तुमच्या भागाची उंची वेगळी, तुमचे आकडे तुम्ही ठरवा, पण अंधार पडायच्या आत निर्णय घ्या. आणि ३१ जुलै २०१९ विसरू नका. त्या दिवशी सुमारे २० इंच पाऊस शहरावरच कोसळला, नदीचे आकडे बघत बसायला वेळ मिळाला नाही. अंगणात घोट्याएवढं पाणी साचलं आणि गटार उलटं वाहायला लागलं, तर आकड्याची वाट न बघता निघा.

निघताना मेन स्विच बंद करा, पण फक्त कोरड्या पायांनी आणि कोरड्या हातांनी. मीटरपेटीपाशी पाणी पोचलं असेल तर हात लावू नका, वीज कंपनीला कळवा. गॅसचा रेग्युलेटर काढा, टोपी लावा आणि सिलिंडर वर न्या. नेता येत नसेल तर खिडकीच्या गजाला दोरीने आवळून बांधा. भरलेला सिलिंडर साधारण ३० किलोचा, पण आतली जागा ३३ लिटरची, म्हणून तो भरलेला असूनही तरंगतो. आमच्या खालचा एक सिलिंडर रात्रभर दारावर आपटत होता, तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

एकदा वर आल्यावर खाली उतरायचं नाही. वाहत्या पाण्यात अर्धा फूटही माणसाचा तोल घालवतो. आणि विश्वामित्रीत मगरी आहेत, हे बडोदेकरांना सांगायला नको. त्या पुरात त्या वस्तीत शिरल्या होत्या. जिन्यावर साप आला तर काठी उगारू नका, दार लावून खाली फटीत ओलं पोतं कोंबा आणि वनखात्याला कळवा. साप चावलाच तर दोरी आवळायची नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही. माणसाला धीर द्या, चावलेला हात-पाय हलू देऊ नका, अंगठ्या-बांगड्या काढा आणि १०८ किंवा ११२ ला फोन करा. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७. हे तिन्ही क्रमांक जिन्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात गुजरातीत आणि मराठीत लिहा. सगळ्यांचे मोबाइल एकदम चालू ठेवू नका. घरटी एक चालू, बाकीचे बंद. फोन लागत नसला तरी संदेश बऱ्याचदा जातो: कुठे आहोत, किती जण, कोण आजारी.

पाणी ओसरल्यावर

घर धुवायच्या आधी भिंतीवरची पाण्याची रेघ आणि प्रत्येक भिजलेल्या वस्तूचे फोटो काढा. भरपाईला आणि विम्याला तेच लागतात, आणि चिखल उपसला की पुरावा गेला. गमबूट, हातमोजे घालूनच खाली उतरा. उंदराच्या मुतातून पुराच्या पाण्यात लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) जंतू येतात आणि पायाच्या बारीकशा चिरेतूनही अंगात जातात. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं यातलं काही झालं तर घरी काढे पीत बसू नका, सयाजी हॉस्पिटल गाठा आणि पुराच्या पाण्यात उतरलो होतो हे डॉक्टरांना आपणहून सांगा. वायरमनने तपासल्याशिवाय खालची वीज चालू करू नका.

जमिनीखालची टाकी पूर्ण उपसून, घासून, पुन्हा भरून हजार लिटरला दीडशे ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर टाका, बारा तास ठेवा, ते पाणी सोडून द्या आणि मगच नवं भरा. आत उतरणारा माणूस एकटा नको. झाकण बराच वेळ उघडं ठेवून हवा खेळू द्या, आणि वर एक जण सतत उभा राहूदे. हे होईपर्यंत पिण्याला जारचंच पाणी.

पेट्या मात्र गणपती गेले म्हणून लगेच खाली नेऊ नका. सप्टेंबरच्या शेवटीही आमच्याकडे जोराचा पाऊस होतो. घटस्थापनेनंतर, आजव्याची पातळी उतरायला लागली की मग एकेक घर वर येतं, आपली पेटी उघडून बघतं, औषधं काढून घेतं, आणि पेटीवरचं नाव पुसायचं नाही असं आमच्यात ठरलेलं आहे.