शाळकरी मुलांचा लॅपटॉप: आधी बिजागरी बघा

मुलांच्या हातात लॅपटॉपचं बरेचदा काय मोडतं, तर बिजागरी आणि चार्जिंगचा पोर्ट. त्यामुळे प्रोसेसरची चौकशी नंतर. झाकण एका कोपऱ्याला धरून सावकाश उघडा. पडदा पिळल्यासारखा वाकला किंवा बिजागरीपाशी कुरकुर ऐकू आली, तर ते मॉडेल सोडून द्या. झाकण 180 अंशांत सपाट उघडत असेल तर उत्तमच; कुणी मागे रेटलं तरी लगेच तुटत नाही. चार्जिंग यूएसबी-सीचं आणि दोन पोर्टवर चालणारं असेल, तर एक सैल झाला तरी अभ्यास अडत नाही.

‘मिल-एसटीडी-810’ (अमेरिकी लष्कराचं मजबुतीच्या चाचण्यांचं मानक) एवढं वाचून भुलू नका. त्यातल्या कोणत्या चाचण्या करायच्या हे कंपनीच ठरवते. किती उंचीवरून पाडून पाहिलंय, कीबोर्डवर पाणी सांडलं तर काय, हे थेट विचारा.

पडदा 11-12 इंची पुरे. रॅम मात्र 8 जीबी घ्याच. छोट्या लॅपटॉपमध्ये ती बहुधा बोर्डावरच सोल्डर केलेली असते, नंतर वाढवता येत नाही. क्रोमबुक, म्हणजे गुगलच्या क्रोमओएसवर चालणारा लॅपटॉप, घेणार असाल तर अपडेट कधीपर्यंत मिळणार ती तारीख तपासा. ती मॉडेलनुसार ठरते, खरेदीच्या दिवसावरून नाही. सवलतीत मिळणाऱ्या जुन्या मॉडेलची त्यातली काही वर्षं आधीच सरलेली असतात.