अवसेला सोडायचं, बीजेला मागायचं: घरच्या घरी करायचा चंद्राचा विधी

माझी आई ख्रिस्ती, बाबा हिंदू, आणि घर वेंगुर्ल्याच्या बाजूला समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. त्यामुळे अवस आली की घरात दोन्हीकडचं काहीतरी चालायचंच, आजी उंबऱ्यावर पणती ठेवायची आणि आई आत तेर्स, म्हणजे रोझरीची माळ, म्हणत बसायची, कोणी कोणाला अडवलं नाही. मोठी झाल्यावर मी बाहेरच्या पेगन, म्हणजे निसर्गाला पुजणाऱ्या लोकांचं, विक्का हा त्यांचा आधुनिक पंथ वगैरे वाचायला लागले, त्यात न्यू मूनला खूप महत्त्व, त्या रात्री कागदावर इच्छा लिहा, नवीन काही सुरू करा असं सगळीकडे असतं. मी दोन-तीन वेळा तसंच केलं आणि दरवेळी मन जड झालं. कारण आजी सांगायची अवसेला नवीन काही काढू नये, आणि ते माझ्या अंगात मुरलेलं आहे, पुस्तक वाचून जात नाही.

मग हळूहळू कळलं की गोंधळ शब्दाचा आहे. न्यू मून म्हणजे काहींसाठी चंद्र अजिबात न दिसणारी काळी रात्र, आणि काहींसाठी त्यानंतर पश्चिमेला पहिल्यांदा दिसणारी कोर. बायबलमधल्या इस्राएली लोकांचा महिना कोर दिसली की सुरू व्हायचा आणि तो त्यांचा सण होता. बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या २८व्या अध्यायात त्या दिवशीची अर्पणं मोजून दिली आहेत, ८१व्या स्तोत्रात त्या दिवशी शिंग फुंकायला सांगितलंय, आणि पहिल्या शमुवेलात दावीद शौल राजाच्या ज्या जेवणाला गैरहजर राहतो ते याच सणाचं जेवण. म्हणजे आनंद कोरीचा होता, काळोखाचा नाही. विक्कामध्येसुद्धा बरेच जण काळी रात्र वेगळी धरतात आणि नवा चंद्र वेगळा. आणि आपल्याकडे तर अवस वेगळी आणि बीज वेगळी हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

म्हणून मी आता हा विधी दोन संध्याकाळींत करते. अवसेला फक्त सोडायचं, काही मागायचं नाही. बीजेला कोर दिसली की आभार मानायचे आणि मागायचं. दोन्ही एका रात्रीत कोंबू नका, मधला जो रिकामा दिवस असतो ना त्यातच खरं काम होतं.

सुरू करायच्या आधी एक गोष्ट मनात पक्की करा, आपण पूजा कोणाची करतोय. बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या ४थ्या अध्यायात सूर्य-चंद्र-ताऱ्यांपुढे दंडवत घालू नका असं स्पष्ट आहे, तेव्हा जो माणूस येशूला प्रभू मानतो त्याने चंद्राला देव करू नये असं माझं ठाम मत आहे. पण नातं जोडायला कुठे बंदी आहे? असिसीचा संत फ्रान्सिस १३व्या शतकात आपल्या स्तुतिगीतात चंद्राला बहीण म्हणतो. आपल्याकडे तो चांदोमामा, म्हणजे आईचा भाऊ, आणि भाऊबीजेला ज्या बाईला भाऊ नाही ती चंद्राला ओवाळते. कोणाकडे बहीण, कोणाकडे भाऊ, पण घरचं माणूस. संत अँब्रोजसारखे जुने धर्मगुरू तर चर्चलाच चंद्राची उपमा द्यायचे, स्वतःचा उजेड नाही, ख्रिस्त हा सूर्य आणि त्याचाच उजेड अंगावर घेऊन ती दिसते. मला हे फार आवडतं, कारण मग अवस म्हणजे उजेड मेला असं नाही, तो आपल्याला दिसत नाहीये एवढंच.

आणि पेगन या शब्दाला घाबरू नका. लॅटिनमधला मूळ शब्द म्हणजे खेड्यातला माणूस, गाववाला. झाड, पाणी, दर्या, ऋतू यांच्याशी बोलत जगणारा. कोकणात जन्मलेल्याला हे कोणी शिकवायला नको.

सामान थोडंच लागतं. सात पणत्या, खोबरेल किंवा तिळाचं तेल, वाती, एक मोठं पितळी ताट, वाटीभर पाणी, चिमूटभर जाडं मीठ (मी शिरोड्याच्या मिठागरातलं आणते, ते नसेल तर कुठलंही चालेल), तुळशीची एक डहाळी आणि बायबल. महागड्या मेणबत्त्या, क्रिस्टल वगैरे काही विकत आणू नका. दोन फेब्रुवारीला चर्चमध्ये आशीर्वाद दिलेली मेणबत्ती घरात असेल तर ती बीजेसाठी ठेवा.

आता अवसेची संध्याकाळ. दिवस कॅलेंडरवर बघा, तिथी कधी आदल्या दिवशी सुरू होते, त्यामुळे ज्या संध्याकाळी अमावास्या चालू आहे ती धरा. जेवण हलकं, पेज आणि भाजलेला पापड एवढं पुरे, पण आजारी माणसाने आणि पोटुशी बाईने उपास वगैरे करू नये. घर झाडून घ्या, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा.

आधी पाण्यात मीठ घाला. हे दोन्हीकडचं आहे, विक्कावाले विधीच्या सुरुवातीला मीठ-पाणी शुद्ध करून घेतात आणि कॅथोलिक परंपरेतही पवित्र पाण्यात मीठ घालायची जुनी रीत आहे, तिच्यामागे अलीशा संदेष्ट्याची गोष्ट आहे, त्याने यरीहोच्या खराब झऱ्यात मीठ टाकून पाणी बरं केलं. आपण फादर नाही, तेव्हा आपण केलेल्या पाण्याला पवित्र पाणी म्हणायचं नाही, साधी प्रार्थना करायची की देवा हे घर स्वच्छ ठेव. चर्चमधून आणलेलं असेल तर त्याचे चार थेंब टाका. मग तुळशीच्या डहाळीने उंबऱ्यावर, खिडक्यांवर, झोपायच्या जागी शिंपडा. ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये बेझिलच्या जुडीने पाणी शिंपडतात आणि आपली तुळस त्याच वंशातली आहे, हे कळलं तेव्हा मी आईला फोन करून सांगितलं होतं. विक्कामध्ये वर्तुळ आखतात, मी आखत नाही, घराचा उंबरठा हीच माझी सीमा.

मग ताटात सातही पणत्या लावून पश्चिमेकडे तोंड करून बसा. विक्कात पश्चिम ही पाण्याची दिशा मानतात, आपल्याकडे ती खरोखरच आहे, दार उघडं असेल तर गाज ऐकू येते. आणि ४थ्या शतकात जेरुसलेमचा संत सिरिल बाप्तिस्म्याचं जे वर्णन करतो त्यात माणूस आधी पश्चिमेकडे तोंड करून सैतानाला नाकारतो आणि मग पूर्वेकडे वळून विश्वास सांगतो. हेच आपण करायचं. १३०वं स्तोत्र हळू आवाजात वाचा, खोल गर्तेतून हाक मारणाऱ्याचं ते स्तोत्र आहे. मग एकेक पणती शांत करत जा आणि दर पणतीला एक गोष्ट बोला जी तुम्ही सोडताय. मोठं काही नको. जावेशी धरलेला अबोला. रात्री दोनपर्यंत मोबाईल बघणं. गेलेल्या माणसावरचा राग. नाव घेऊन, स्पष्ट बोला, पुटपुटू नका. पणती फुंकून विझवायची नाही, आपल्याकडे ते बरं मानत नाहीत, वर छोटी वाटी पालथी घाला की आपोआप शांत होते.

ही पद्धत मी पवित्र आठवड्यातल्या (इस्टरच्या आधीचा आठवडा) टेनेब्रे नावाच्या जुन्या उपासनेवरून घेतली. तिथे त्रिकोणी स्टँडवर पंधरा मेणबत्त्या असायच्या, एकेका स्तोत्रानंतर एकेक विझवत जायचं, आणि शेवटची विझवायची नाही, ती वेदीमागे लपवून नंतर परत आणायची. तसंच सातवी पणती विझवू नका. ती उचलून दाराआड किंवा फळीच्या मागे ठेवा, खाली पाणी घातलेली ताटली असू दे, आणि जवळ पडदा-कागद काही नको. खोलीत अंधार होईल. त्या अंधारात दहा मिनिटं गप्प बसा. लहानपणी अवसेची भीती घातलेली असते त्यामुळे सुरुवातीला छातीत धडधडतं, माझ्या तर पहिल्यांदा अंगावर काटा आला होता. तेव्हा १२१वं स्तोत्र आठवा, दिवसा सूर्य आणि रात्री चंद्र तुला बाधणार नाही असं त्यात आहे, आणि १३९वं, ज्यात अंधारसुद्धा देवाला अंधार वाटत नाही. मग पूर्वेकडे वळा, सह्याद्रीच्या बाजूला, लपवलेली पणती पुढ्यात आणा आणि प्रभूची प्रार्थना म्हणा. संपलं. त्या रात्री काही मागू नका. भूत-पिशाच्च बोलावणं, मेलेल्यांना प्रश्न विचारणं, कोणावर काही करणं, कोंबडं कापणं, यातलं काहीही या विधीत नाही आणि आणूही नका.

किनाऱ्यावर जाऊन करू का असं खूपजण विचारतात. अवसेला नको. अवसेचं उधाण असतं, आमच्याकडची जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, चतुर्थीला चारचे पाऊणपट तीन म्हणजे तीनच्या सुमाराला, अवसेला पंधराचे सव्वाअकरा म्हणजे दुपारी आणि रात्री बाराच्या आसपास, गावाप्रमाणे थोडं पुढेमागे. संध्याकाळी सहाला सुकती, म्हणजे ओहोटी असते, वाळू लांबलचक मोकळी दिसते, माणूस पुढे जाऊन बसतो, आणि मग काळोखात पाणी चढायला लागतं आणि भांगाच्या (अष्टमीच्या सुमाराच्या) भरतीपेक्षा कितीतरी वर येतं. मी एकदा अशीच बसले होते, डोळे मिटलेले, पाणी मागच्या बाजूच्या खोलगट जागेतून आलं आणि कमरेपर्यंत भिजून परत आले, ताट गेलं ते गेलंच. पोहता येत असूनही मी तेव्हा खूप घाबरले होते.

बीजेला मात्र किनाऱ्यावर जरूर जा. सूर्य बुडाल्यावर वीसेक मिनिटं थांबा, ज्या जागी सूर्य गेला तिथून थोडं वर बघा, केसाएवढी बारीक कोर असते, तास-दीड तासात तीही दर्यात जाते. दुर्बीण असेल तर सूर्य पूर्ण बुडाल्याशिवाय डोळ्याला लावू नका. कधी प्रतिपदेलाच दिसते, दिसली तर तेव्हाच करा. किनाऱ्यावर दिवे, मेणबत्त्या, टॉर्च काही नको, विशेषतः थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत, वायंगणी, वेळास, आंजर्ले अशा किनाऱ्यांवर कासवं अंडी घालतात आणि पिल्लं उजेडाच्या दिशेने भरकटतात. आकाशातली कोर पुरते.

कोर दिसली की हात जोडा, एवढंच, आणि मग गाऱ्हाणं, म्हणजे देवापुढे मोठ्याने मांडलेली विनवणी, घाला. हा माझा सगळ्यात आवडता भाग. स्कॉटलंडच्या पश्चिमेच्या बेटांवर ख्रिस्ती लोक कोर दिसली की देवाचं नाव घेऊन तिला प्रार्थनेने सामोरे जायचे, त्या प्रार्थना १९व्या शतकात लिहून घेतल्या गेल्या. ते लोक पण कोळी-शेतकरीच. आपल्याकडे त्याला गाऱ्हाणं आहे. एकाने म्हणायचं, बाकीच्यांनी साथ द्यायची. आमच्या घरात मालवणीत असं चालतं (घोव म्हणजे नवरा, झील म्हणजे मुलगा, हाड म्हणजे आण):

बा देवा म्हाराजा, आज कोर दिसली, तुझी लेकरा तुझ्या पुढ्यात उभी हत. व्हय म्हाराजा!
गेल्या म्हयन्यात जा काय चुकला-माकला आसात, ता पोटात घाल. व्हय म्हाराजा!
दर्यात गेलेली होडी सुखरूप किनाऱ्याक लाव, घोवाक, झिलाक घरा हाड. व्हय म्हाराजा!
मरियेमाये, आमच्यासाठी तुझ्या झिलाकडे शबुद टाक. व्हय म्हाराजा!

त्यानंतर प्रत्येकाने आपलं एक मागणं घालायचं, एकच, दहा नाही. हे ख्रिस्ती रीतीत बसतं का असं विचारणाऱ्यांना मी एवढंच सांगते की याच कोकणात, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावला १८६१ साली जन्मलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताचे अभंग लिहिले आणि कीर्तनं केली, आणि त्यांच्या आधी १६१६ साली गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण ओव्यांमध्ये छापलं गेलं. प्रभूची गोष्ट ओवीत सांगता येते तर प्रभूकडे गाऱ्हाणं घालता येतंच. तरी तुमच्या फादरांना, पास्टरांना पटणार नसेल तर घरातल्या घरात करा, भांडू नका. बायबलमध्ये प्रेषित पौलाने कलस्सै शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलंय की सण, चंद्रदर्शन, शब्बाथ यावरून कोणी तुमचा न्याय करू नये, आणि तेच आपण दुसऱ्यांच्या बाबतीतही पाळायचं.

घरी येऊन मेणबत्ती लावा, गोडाचं खा, आमच्याकडे घावणे आणि नारळाचा रस. हे जेवण म्हणजे कम्युनियन, चर्चमधला प्रभुभोजनाचा विधी, नव्हे, भाकरी-वाइन घेऊन तसलं काही घरी करू नका, ते चर्चमध्येच. शेजारी एक ताटली पाठवा.

पावसात कोर दिसत नाही. जून ते सप्टेंबर ढगच असतात, तेव्हा बीजेच्या संध्याकाळी पश्चिमेच्या खिडकीत बसून गाऱ्हाणं घाला, कोर ढगामागे आहेच. उलट आषाढातली दिव्याची अवस ही या विधीसाठी मला सगळ्यात जवळची वाटते, सकाळी समया-निरांजनं चिंचेने घासायची आणि संध्याकाळी त्यांनीच विधी करायचा. भाद्रपदातल्या सर्वपित्रीला सोडण्याच्या गोष्टींऐवजी गेलेल्यांची नावं घ्या, पणतीमागे एक नाव. दिवाळीची अवस बऱ्याचदा दोन नोव्हेंबरच्या मृतांच्या दिवसाजवळ येते, २०२४ साली तर लक्ष्मीपूजन एक नोव्हेंबरला, सर्व संतांच्या सणादिवशीच आलं होतं, पण त्या अवसेला घरात दिवे मालवू नका, लक्ष्मी येणार असते, त्या महिन्यात फक्त बीज करा, ती भाऊबीजच असते. इस्टर नेहमी पौर्णिमेनंतरच्या रविवारी येतो, त्यामुळे त्याच्या आधीची अवस लेंटच्या उपासकाळातच पडते, तेव्हा पणत्या शांत करताना घाई करू नका, तासभर गेला तरी जाऊ दे.

उरलेलं मीठ-पाणी माडाच्या मुळात घाला, एवढ्याशा मिठाने माडाला काही होत नाही. पणत्या धुवून वाळवा. आणि त्या सातव्या पणतीची अर्धी जळलेली वात टाकू नका, कागदात गुंडाळून बायबलच्या शेजारी ठेवा, पुढच्या अवसेला पहिली पणती तिच्यावरच लावायची.