आधी बोट, मग भट्टी : नागपूरहून स्कॉटलंडच्या व्हिस्की-बेटांची सहल कशी आखावी

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील बेटांवर जाऊन व्हिस्की प्रत्यक्ष तयार होताना पाहावी, हा बेत नागपुरात बहुधा डिसेंबरातल्या एखाद्या रात्री गच्चीवरच्या शेकोटीभोवती ठरतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तर्री-पोह्यांच्या प्लेटा समोर असतानाच डिस्टिलऱ्यांची यादी तयार होऊ लागते. आमच्या चौघांच्या गटानेही तेच केले होते. यादीत चौदा नावे होती, हाताशी सात दिवस होते, आणि या दोन आकड्यांच्या मध्ये समुद्र आहे ही गोष्ट कोणाच्याच ध्यानात आली नव्हती. म्हणून पहिली सूचना अशी की, यादी आधी बोटींची करावी. कोणती बोट कोणत्या वारी, किती वाजता सुटते हे कागदावर उतरले की कोणत्या डिस्टिलऱ्या पाहता येतील हे बरेचसे आपोआप ठरते. उलट क्रमाने गेल्यास अख्खी आखणी पुन्हा करावी लागते.

या बेटांकडे जाणाऱ्या बहुतेक फेऱ्या कॅलेडोनियन मॅकब्रेन ही कंपनी चालवते. तिकडे तिला सगळे ‘कॅलमॅक’ म्हणतात. तिचे उन्हाळी आणि हिवाळी वेळापत्रक वेगवेगळे असते. पायी प्रवाशाला जागा सहसा मिळते, मात्र मोटार घेऊन जायचे असेल तर बोटीवरील गाडीची जागा महिनोनमहिने आधी राखून ठेवावी लागते. त्यामुळे मोटार न्यायची की नाही, हा प्रश्न विमानाच्या तिकिटाआधी सोडवावा.

बेटे किती घ्यावीत, यावर माझे मत ठाम आहे : एका आठवड्यात तीनच. ॲरन, आयला आणि जुरा ही तिन्ही दक्षिणेकडची बेटे एका माळेत येतात. स्काय बेटावरील १८३० सालची टॅलिस्कर, शेजारच्या रासे बेटावर २०१७ मध्ये सुरू झालेली डिस्टिलरी आणि तिथून पुढे स्कायचे ऊइग बंदर ते टार्बर्ट हा सुमारे पावणेदोन तासांचा बोटप्रवास करून गाठायचे हॅरिस, ही उत्तरेकडची माळ वेगळी आहे आणि तिच्यासाठी वेगळी सहल करावी. दोन्ही माळा एका आठवड्यात ओवणाऱ्याच्या वाट्याला बंदरांवरचे प्रतीक्षागृहच अधिक येते. हॅरिसवर रविवार कडकपणे पाळला जातो, त्या दिवशी बहुतेक सगळे बंद असते, एवढे त्या माळेविषयी लक्षात ठेवले तरी पुरे.

आयला हे नाव इंग्रजीत ज्या अक्षरांनी लिहिले जाते त्यांवरून उच्चार काढायला गेल्यास भलतेच काही तरी निघते. खरा उच्चार ‘आयला’ असाच आहे, आणि तो मराठी माणसाला कोणी शिकवावा लागत नाही. बाकीच्या नावांचे मात्र तसे नाही. फलकावरील अक्षरे आणि तोंडी उच्चार यांचा गेलिक भाषेत फारसा मेळ नसल्यामुळे बसचालकाला ‘ब्रुकलॅडी’, ‘बुनाहाव्हन’, ‘कुल ईला’ असे विचारता यावे म्हणून नावे देवनागरीत उच्चाराप्रमाणे लिहून खिशात ठेवावीत.

काळ निवडताना नागपूरकर स्वाभाविकपणे मे महिन्याकडे वळतो, कारण येथे पारा पंचेचाळिशीकडे सरकत असतो आणि तिकडे दुपारी जेमतेम बारा-पंधरा अंश असतात. मे चांगला आहेच, पण त्याचा पहिला पंधरवडा घ्यावा. महिन्याच्या अखेरीस आयलावर ‘फेश ईला’ हा संगीताचा आणि व्हिस्कीचा उत्सव असतो आणि त्या आठवड्यातील खोल्या वर्षभर आधीच भरलेल्या असतात. जून ते ऑगस्ट या काळात ‘मिज’ नावाच्या बारीक चावऱ्या माश्यांचे थवे असतात. शिवाय अनेक डिस्टिलऱ्या उन्हाळ्यात काही आठवडे दुरुस्तीसाठी उत्पादन थांबवतात. फेरफटका तेव्हाही मिळतो, परंतु थंड पडलेली भट्टी पाहण्यासाठी कोणी सात-आठ हजार किलोमीटर जाऊ नये. आरक्षण करताना ‘त्या तारखांना उत्पादन चालू असेल का’ हा एक प्रश्न ई-मेलने विचारून घ्यावा. सप्टेंबर हा दुसरा चांगला महिना.

व्हिसाचे गणित इथेच आडवे येते. ब्रिटनच्या पर्यटक व्हिसासाठी प्रवासाच्या आधी तीन महिन्यांपेक्षा लवकर अर्ज करता येत नाही, आणि बोटी व खोल्या मात्र त्याआधीच भरू लागतात. तेव्हा व्हिसा हाती येईपर्यंत जे जे राखून ठेवायचे ते रद्द करता येण्याजोग्या अटींवरच घ्यावे, भले चार पैसे जास्त पडोत. नागपूरहून मुंबई किंवा दिल्ली आणि तिथून एक थांबा घेऊन ग्लासगो, असा विमानाचा मार्ग सोपा पडतो. ग्लासगोत पोचल्यावर त्याच दिवशी बोट पकडण्याचा बेत करू नये. एक रात्र तिथे काढावी.

आता प्रत्यक्ष मार्ग. पहिल्या सकाळी ग्लासगोहून रेल्वेने आयर्शरचा किनारा गाठून ॲरनच्या ब्रोडिक बंदराची बोट घ्यावी. ती सध्या आर्ड्रोसनहून सुटते की ट्रूनहून, हे आदल्या दिवशी तपासावे, कारण दोन्ही बंदरे वापरात राहिली आहेत. ॲरनच्या दक्षिण टोकाला २०१९ मध्ये उघडलेली लॅग आणि उत्तर टोकाला १९९५ पासूनची लॉकरान्झा अशा दोन डिस्टिलऱ्या आहेत. पहिलीत धुरकट चवीचा, तर दुसरीत मुख्यतः धुराच्या चवीविना माल तयार होतो, आणि पुढे जे चाखायचे आहे त्यातील भेद जिभेला कळण्यासाठी ही सुरुवात फार उपयोगी पडते. दुसऱ्या दिवशी लॉकरान्झाहून छोट्या बोटीने अर्ध्या तासात क्लूनिग गाठावे. तेथून आयलाच्या बोटीचे केनाक्रेग बंदर आठेक किलोमीटरवर आहे. बस विरळ असल्याने टॅक्सी आधीच सांगून ठेवावी. केनाक्रेगहून आयलाला पोचण्यास दोन ते सव्वादोन तास लागतात, आणि इथे एक बारकावा आहे : काही बोटी दक्षिणेकडील पोर्ट एलनला लागतात, काही उत्तरेकडील पोर्ट ॲस्केगला. मुक्काम एका टोकाला आणि बोट दुसऱ्या टोकाला, असे अनेकांचे होते.

आयलावर चार रात्री ठेवाव्यात. बेटाची लोकसंख्या तीन हजारांच्या आसपास आहे आणि १९८३ मध्ये बंद पडलेली पोर्ट एलन डिस्टिलरी २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाल्यावर तिथल्या डिस्टिलऱ्यांची संख्या दहावर गेली. दहाच्या दहा पाहण्याचा हट्ट धरू नये. दिवसाला एक सविस्तर फेरफटका आणि फार तर दुसरीकडे नुसते चाखणे, एवढेच प्रमाण ठेवावे. तिसऱ्या ठिकाणी पोचेपर्यंत जीभ बधिर झालेली असते आणि मार्गदर्शक जे सांगतो ते पहिल्या दोन ठिकाणी ऐकलेलेच वाटू लागते.

पहिला दिवस पायी काढावा. पोर्ट एलन गावापासून लाफ्रॉइग, लागावूलिन आणि आर्डबेग या तिन्हींना जोडणारी सुमारे पाच किलोमीटरची पायवाट रस्त्याच्या कडेने जाते, त्यामुळे त्या दिवशी गाडी कोण चालवणार हा प्रश्नच उरत नाही. लाफ्रॉइग आणि आर्डबेग १८१५ च्या, लागावूलिन १८१६ ची. फेरफटका लाफ्रॉइगचा घ्यावा, कारण जमिनीवर भिजलेले बार्ली धान्य पसरून, फावड्याने उलटून त्याला मोड आणण्याची जुनी रीत तिथे अजून पाहायला मिळते. हे मोड आलेले धान्य पीटच्या धुरावर वाळवतात. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षे दबलेल्या वनस्पतींचा काळा, चिकट थर, जो कापून, वाळवून जळणासाठी वापरतात. भट्टीच्या दाराशी उभे राहिल्यावर माझ्या मेहुण्याने एक खोल श्वास घेतला आणि म्हणाला, “भाऊजी, हा तर आपल्या वावरात पऱ्हाटी जाळल्यावरचा वास आहे.” त्यात टिंक्चर आयोडीनचा एक झाक मिसळला की लाफ्रॉइगचे वर्णन पुरे होते. आर्डबेगला दुपारचे जेवण मिळते आणि परतीचा रस्ता तोच आहे. पाय थकल्यास बसची वेळ आधीच टिपून ठेवलेली असावी. रविवारी मात्र बसच्या भरवशावर बेत करू नये.

मोहाची दारू गाळताना ज्याने पाहिली आहे त्याला इथल्या तांब्याच्या उंच भट्ट्या परक्या वाटणार नाहीत. आंबवलेला द्रव तापवायचा, वाफ वर चढू द्यायची, ती थंड करून थेंबाथेंबाने गोळा करायची, हे तत्त्व एकच. फरक पुढच्या वाटेत आहे : स्कॉच म्हणवून घेण्यासाठी तो द्रव स्कॉटलंडमध्येच ओकच्या पिंपात किमान तीन वर्षे राहिला पाहिजे आणि बाटलीत त्याची तीव्रता ४० टक्क्यांहून कमी असता कामा नये. तिथल्या थंडीत पिंपातून वर्षाकाठी साधारण दोन टक्के उडून जाते. आपल्याकडच्या उष्ण हवेत हेच प्रमाण कित्येक पटींनी वाढते, म्हणून भारतीय सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीत, मोड आलेल्या बार्लीपासून केलेली व्हिस्की) कमी वयातच बाटलीत भरतात. हे सारे गोदामातील चाखणीत नीट समजते. म्हणून एकच महाग तिकीट काढायचे असेल तर ते गोदामाचे काढावे. बोमोरची डिस्टिलरी १७७९ ची असून तिचे जुने गोदाम समुद्राच्या भिंतीलाच टेकून आहे, आणि आत शिरताच ओलसर लाकूड, मीठ आणि व्हिस्की यांचा जो एकत्रित गारवा नाकाशी येतो तो दुसरीकडे सहसा भेटत नाही.

बोमोरच्याच दिवशी सागरी खाडीच्या पलीकडची ब्रुकलॅडी जोडता येते. त्याहून पश्चिमेला, शेतातच वसलेली किलहोमन २००५ पासूनची असून आपल्या शेतातील बार्लीचाही ती वापर करते. शेतकरी कुटुंबातील माणसाने ती चुकवू नये. तिसऱ्या दिवशी उत्तरेची कुल ईला, आर्डनाहो किंवा बुनाहाव्हन यांपैकी एक घ्यावी. धूर ज्यांना मानवत नाही त्यांच्यासाठी बुनाहाव्हन बरी, कारण तिचा बहुतेक माल पीटच्या धुराविना होतो.

इथे आमची एक चूक सांगतो. सकाळी दहाला बुनाहाव्हन आणि दुपारी साडेबाराला लागावूलिन, असे दोन फेरफटके आम्ही एकाच दिवशी घेतले. अंतर सुमारे ४५ किलोमीटर, म्हणजे नागपूर ते रामटेक एवढे; आम्ही पाऊण तास धरला. प्रत्यक्षात बुनाहाव्हनचा रस्ता एकपदरी आहे, समोरून गाडी आली की ठरावीक अंतरावरील रुंद जागेत थांबून वाट द्यावी लागते, मध्येच मेंढ्या बसलेल्या असतात, आणि बोमोर ते पोर्ट एलन हा सरळसोट दिसणारा रस्ता पीटवर टाकलेला असल्याने गाडी होडीसारखी हेलकावे खाते. समोरून येणारा प्रत्येक चालक सुकाणूवरून एक बोट उचलून नमस्कार करतो, आणि त्याला उत्तर देण्याची सवयही लागते. आम्ही वीस मिनिटे उशिरा पोचलो, फेरफटका निघून गेला होता, पैसे परत मिळाले नाहीत, आणि ते योग्यच होते. दोन आरक्षणांमध्ये किमान तीन तास ठेवावेत.

गाडीबद्दल आणखी एक. भारतीय परवान्यावर ब्रिटनमध्ये बारा महिनेपर्यंत छोटी गाडी चालवता येते आणि वाहतूकही आपल्यासारखी डावीकडून आहे. मात्र २०१४ पासून स्कॉटलंडमध्ये मद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तामागे ५० मिलिग्रॅम इतकी, उर्वरित ब्रिटनपेक्षा कडक आहे, आणि चाखणीतील तीन-चार घोटही ती ओलांडू शकतात. चालकाने फेरफटक्याच्या सुरुवातीलाच तसे सांगावे. बहुतेक ठिकाणी त्याचा वाटा छोट्या बाटल्यांत भरून देतात. गटात एखादा न पिणारा असेल तर त्याला सहलीचा मुख्य पाहुणा समजावे, त्याच्या जेवणाखोलीचा खर्च इतरांनी वाटून घ्यावा.

जुरासाठी आयलाच्या मुक्कामातला मधलाच एखादा दिवस घ्यावा. पोर्ट ॲस्केगहून पाच मिनिटांची लहान बोट फिओलिनला सोडते. तिथून बेटाचा एकमेव मोठा रस्ता सुमारे १३ किलोमीटरवरील क्रेगहाउस गावात नेतो, जिथे १८१० मध्ये स्थापन झालेली डिस्टिलरी, एक हॉटेल आणि एक दुकान आहे. माणसे दोनशेच्या घरात, हरणे हजारोंनी. जोरात वारा असल्यास ही बोट थांबते, म्हणून जुराचा दिवस परतीच्या आदल्या दिवशी ठेवू नये.

हाच नियम अधिक मोठ्या प्रमाणात शेवटच्या रात्रीला लागू आहे. वादळी हवेत मोठ्या बोटीही रद्द होतात, आणि केनाक्रेगहून ग्लासगोकडे जाणारी बस ज्या ‘रेस्ट अँड बी थँकफुल’ नावाच्या घाटातून जाते तिथे दरडी कोसळून रस्ता अधूनमधून बंद होतो. बसप्रवासच साडेतीन तासांच्या आसपास आहे. विमानाच्या आधीची पूर्ण रात्र ग्लासगोत असली पाहिजे.

शाकाहारी मंडळींनी थालीपिठाची भाजणी आणि मेतकूट सोबत न्यावे. बेटांवरचे चांगले जेवण मुख्यतः शिंपले, मासे आणि मांस यांचेच असते, आणि संध्याकाळी लवकर स्वयंपाकघर बंद होते. स्वयंपाकाची सोय असलेले घर चौघांना हॉटेलपेक्षा स्वस्तही पडते.

बाटल्यांचा हिशेब खरेदीच्या आधी करावा. भारतात परतताना माणशी दोन लिटर मद्य करमुक्त आणता येते आणि तिकडची बाटली ७०० मिलिलिटरची असते, म्हणजे तीन बाटल्या शंभर मिलिलिटरने हद्द ओलांडतात. दोन मोठ्या आणि २०० मिलिलिटरच्या तीन छोट्या, हा हिशेब बरोबर दोन लिटरला बसतो. ७० टक्क्यांहून अधिक तीव्रतेचे मद्य विमानात चालत नाही. बाटल्या लोकरी मोज्यांत घालून, बॅगेच्या मधोमध, कपड्यांच्या वेढ्यात ठेवाव्यात, आणि मुंबईहून नागपूरच्या विमानातही त्या चेक-इन सामानातच जाऊ द्याव्यात. घरी बाळगण्यासाठी महाराष्ट्रात परवाना लागतो, तो निघण्याआधीच काढलेला असावा. मुंबईहून समृद्धी महामार्गाने गाडी आणण्याचा विचार कोणाच्या मनात असेल तर तो सोडावा, कारण तो रस्ता वर्धा जिल्ह्यातून येतो आणि तिथे दारूबंदी आहे. गडचिरोलीच्या पाहुण्यांसाठी आणलेली बाटलीही त्यांनी नागपुरातच येऊन उघडावी.