स्टेजसाठी एक्स्टेंशन बोर्ड घेताय? या चुका टाळा

बोर्ड घ्यायला गेलेला वादक दुकानदाराला हमखास एकच प्रश्न विचारतो, "लोड किती घेईल?" ऑर्केस्ट्रा किंवा भजनी मंडळाच्या सामानापुरता हा प्रश्न जवळजवळ बिनकामाचा आहे. हिशोब करून बघा. कीबोर्ड आणि ऑक्टोपॅडचे अॅडॉप्टर दहा-वीस वॅटचे, छोटा मिक्सर चाळीस-पन्नासचा, लॅपटॉप 65 चा. पॉवर्ड स्पीकरवर (आतच अँप असलेल्या) 1000 वॅट छापलेलं असलं तरी गाणं चालू असताना तो सरासरी शंभर-दोनशेच खेचतो. असे दोन धरले तरी सगळं मिळून पाचशेच्या आसपास, म्हणजे 230 व्होल्टला दोन-सव्वादोन अँपिअर. साधं 6 अँपिअरचं सॉकेट 1380 वॅटपर्यंत चालतं. तरीही लग्नसराईत बोर्ड वितळतात, कीबोर्ड मरतात, माइकला ओठ लागला की झटका बसतो. त्याची कारणं ढिलं सॉकेट, खोटी वायर आणि नसलेलं अर्थिंग ही आहेत.

घूं घूं बंद करायला अर्थची पिन तोडणं

ही सगळ्यात घातक चूक. मिक्सर एका बोर्डावर, गिटारचा अँप दुसऱ्या टोकाच्या बोर्डावर, दोन्हींचं अर्थिंग वेगवेगळ्या वाटेने, आणि मध्ये ऑडिओ केबल. या चक्रातून घूं आवाज येतो. मग कोणीतरी पक्कड घेऊन टॉपची (प्लगची) जाड पिन उडवतो. "काही नही व्हत भो, लाय तू!" आवाज जातो, हे खरं. पण गिटारच्या तारा अँपच्या बॉडीला जोडलेल्या असतात. अँपमध्ये फेज (वीज आणणारी तार) बॉडीला लागला, की तो तारांवर येतो, आणि समोरचा माइक मिक्सरच्या अर्थला जोडलेला असतो. हात तारेवर, ओठ माइकवर. बाकी सांगायला नको.

उपाय आवाजाच्या बाजूने करा. मिक्सर आणि सगळी वाद्यं एकाच ठिकाणच्या वीजेवर घ्या. तरी घूं राहिला तर ग्राउंड लिफ्टचं बटण असलेला डीआय बॉक्स लावा (वाद्य आणि मिक्सरच्या मध्ये बसणारा छोटा डबा, ते बटण दाबलं की फक्त ऑडिओ केबलमधलं अर्थ तुटतं). लॅपटॉपच्या आवाजातली किरकिर बहुतेक वेळा याच डब्याने जाते.

अर्थ नसेल तर आणखी एक लक्षण दिसतं: लॅपटॉपच्या किंवा मिक्सरच्या धातूला हात लावला की झिणझिण्या येतात. आतल्या पॉवर सप्लायच्या फिल्टरमधून गळणाऱ्या वीजेला जायला वाट नसते, म्हणून ती बॉडीवर बसून राहते. बोर्डाला तीन भोकं आहेत, पण मंडपवाल्याने टाकलेल्या वायरीत दोनच तारा आहेत, असं कितीदा तरी असतं.

लावण्याआधी न मोजणं

गावातला कार्यक्रम म्हटला की वीज कुठून घेतली आहे ते आधी विचारा. रावेर-यावल भागात मळ्यातल्या कार्यक्रमाला मोटारीच्या थ्री फेज पेटीतून लाइन ओढलेली असू शकते, गावात ती खांबावरच्या आकड्यावरूनही येते. आकडा असेल तर सामान गाडीतच राहू द्या. थ्री फेजमध्ये न्यूट्रलचा (परतीच्या तारेचा) जोड सुटला, तर हलका लोड असलेल्या फेजवर 300 च्या वर व्होल्ट येऊ शकतात. तो फेज बहुधा वाद्यांचाच असतो, कारण दुसऱ्यावर हॅलोजन लटकलेले असतात.

इथे स्पाइक गार्ड कामाचा नाही. त्यातला सर्जचा भाग क्षणभराचा झटका गिळतो, सलग चाललेलं जादा व्होल्टेज नाही. (पुष्कळ स्वस्त 'स्पाइक गार्ड'मध्ये लाल दिव्याच्या स्विचशिवाय काहीच नसतं.) हाय-लो व्होल्टेजला कापणारं यंत्र वेगळं मिळतं, ते बोर्डाच्या आधी बसवा. मल्टीमीटर असेल तर फेज-न्यूट्रल 216 ते 244 व्होल्टमध्ये हवं, फेज-अर्थही जवळपास तेवढंच. फेज-अर्थ खूपच कमी दिसलं किंवा हलत राहिलं, तर अर्थ नाही असं समजा. तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर स्वस्त आहे, घ्याच. मात्र अर्थ आहे की नाही एवढंच तो सांगतो, चांगला आहे की नाही ते नाही.

सगळ्या पिना घेणारं सॉकेट आणि खोटी वायर

युनिव्हर्सल सॉकेटमध्ये सगळं जातं, पण घट्ट काही बसत नाही. बेसने स्टेज हादरलं की पिन हलते, ठिणगी पडते, प्लास्टिक पिवळं पडतं. दुकानातच टॉप घालून बोर्ड उलटा धरा आणि हलकं हलवा. टॉप सुटला तर बोर्ड परत द्या.

वायरचं एक टोक सोलून मागा. एक तार ब्लेडने खरवडा. आतून पांढरी निघाली तर तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम आहे. आयएसआय छाप वायरवर बघा, नुसता खोक्यावर नाही.

जाडी लांबीप्रमाणे ठरते. 30 मीटर लांब 0.75 चौरस मिलिमीटरच्या वायरमधून 6 अँपिअर गेले तर नऊ-साडेनऊ व्होल्ट वाटेतच गळतात आणि पन्नास-पंचावन्न वॅट उष्णता होते. तीच वायर गुंडाळून खुर्चीखाली ठेवली, वर जळगावचा मे, 44-45 अंश. पीव्हीसीची सोय साधारण 70 अंशांपर्यंतच असते. 1.5 ची वायर घ्या आणि पूर्ण उलगडून टाका.

परवडणारा मार्ग माझ्या मते तयार बोर्डाचा नाहीच. वायरमनकडून धातूच्या मॉड्युलर पेटीत शटरची (पिन नसताना भोकं झाकणारी) चार सॉकेट, 6 अँपिअरचा एमसीबी (जादा करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) आणि तीन तारांची 1.5 ची लवचीक केबल लावून घ्या. पेटीलाही अर्थ जोडायला सांगा. दोन अॅडॉप्टर शेजारी मावतील एवढं अंतर ठेवा. खर्च दिसायला जास्त वाटतो, पण दर हंगामाला नवा बोर्ड घ्यावा लागत नाही.

धुराचं मशीन 'तेवढंच' लावणं

1500 वॅटचं मशीन एकटंच साडेसहा अँपिअर घेतं. तापताना ते चालू-बंद होतं तेव्हा कीबोर्ड रीस्टार्ट होतो आणि दोष अॅडॉप्टरला जातो. धूर, लाइट, पंखे वेगळ्या लाइनवर. बोर्डात बोर्ड लावू नका. जनरेटरवर जाताना वाद्यांचे टॉप काढा, इंजिन स्थिरावल्यावरच लावा.

बोर्डावर ऑइल पेंटने मंडळाचं नाव आणि 'फक्त वाद्य' असं मोठं लिहा, नाहीतर मध्यंतरात चहाची किटली त्यावरच लागते.