प्रोग्राम बंद केला की आधीचा पडदा परत कसा आणला

फाइलींची यादी दाखवणारा छोटा प्रोग्राम मी सी भाषेत लिहिला होता. तो सुरू होताच टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) पुसायचा आणि बंद केल्यावर आधीच्या कमांडचा मजकूर गेलेलाच असायचा. तो मजकूर आपणच वाचून साठवावा असं वाटलं, पण टर्मिनल सहसा तशी सोयच देत नाही.

खरं उत्तर टर्मिनलमध्येच होतं: पर्यायी पडदा, म्हणजे नेहमीच्या पडद्यापासून वेगळा ठेवलेला दुसरा पडदा. एस्केप, उघडा चौकटी कंस, प्रश्नचिन्ह, १०४९ आणि लहान एच एवढं पाठवलं की कर्सरची जागा जपली जाते आणि कोरा पडदा मिळतो. शेवटी एचऐवजी लहान एल पाठवला की जुना मजकूर जसाच्या तसा परत. (जुना ४७ क्रमांक कर्सर जपत नाही, तो टाळा.)

मला खरा त्रास दिला तो कंट्रोल-सीने, म्हणजे प्रोग्राम मध्येच थांबवणाऱ्या कळांनी. प्रोग्राम मध्येच थांबला की टर्मिनल पर्यायी पडद्यावरच अडकायचं. म्हणून सिग्नल हँडलरमध्ये (असा थांबण्याचा इशारा आला की चालणाऱ्या फंक्शनमध्ये) फक्त एक खूण लावली. मुख्य लूप ती पाहून पडदा परत करतो आणि मगच बाहेर पडतो. काही चूक झाल्याचा संदेशही पडदा परत केल्यावरच छापायचा, नाहीतर तो पर्यायी पडद्यासोबतच नाहीसा होतो. यात माझी अख्खी संध्याकाळ गेली.