डिजिटल मिक्सरवर जुन्या धाटणीचा ईक्यू आणि कॉम्प्रेसर: या चुका टाळा

बेहरिंजर एक्स-३२ या डिजिटल मिक्सरच्या इफेक्ट्सच्या यादीत पुलटेक हा ईक्यू (आवाजाचे खालचे-वरचे पट्टे कमी-जास्त करणारा) आणि ११७६, एलए-२ए हे कॉम्प्रेसर (मोठा आवाज आपोआप दाबणारे) या जुन्या यंत्रांच्या धर्तीची रूपं वेगळ्या नावांनी बसली आहेत. ती दिसली की हात शिवशिवतात. माझेही शिवशिवले. एका भजनाच्या कार्यक्रमात गायकाच्या चॅनलवर त्यातला एक कॉम्प्रेसर टाकला. आवाज एकदम भारी वाटला आणि दुसऱ्याच अभंगाला मॉनिटरने, म्हणजे गायकासमोरच्या स्पीकरने, शिट्टी मारली.

आवाज भारी नव्हता, नुसता मोठा झाला होता. एक-दोन डेसिबल वाढले तरी कान फसतो. म्हणून कॉम्प्रेसर चालू-बंद करून दोन्ही वेळची पातळी आधी सारखी करा आणि मगच मत बनवा. शिट्टीचं कारणही तेच. दाबलेला आवाज भरून काढायला आउटपुट ६ डेसिबल वाढवलं की माइक शिट्टीच्या दिशेने ६ डेसिबल पुढे सरकतो. शिवाय गायक श्वास घेतो तेव्हा कॉम्प्रेसर हात सोडतो आणि शेजारच्या टाळकऱ्यांचे टाळ त्याच माइकमधून उसळून येतात. दाब ३-४ डेसिबलवर थांबवा. मॉनिटरसाठी तोच माइक दुसऱ्या चॅनलवर घ्या आणि तिथे कॉम्प्रेसर लावू नका.

११७६ च्या धर्तीच्या कॉम्प्रेसरवर अटॅकचे, म्हणजे दाब किती लवकर लागतो त्याचे, आकडे उलटे चालतात. ७ म्हणजे सर्वांत जलद, मूळ यंत्रात सुमारे २० मायक्रोसेकंद. १ म्हणजे सर्वांत सावकाश, तरीही ८०० मायक्रोसेकंदच. म्हणजे कुठेही ठेवा, पखवाजाची थाप चेपली जाणारच. थाप हवी असेल तर चॅनलचा साधा कॉम्प्रेसर घ्या आणि अटॅक २०-३० मिलिसेकंद ठेवा. ११७६ मध्ये थ्रेशोल्डही (दाब कुठल्या पातळीपासून सुरू व्हावा ते ठरवणारं बटण) शोधत बसू नका, तो नाहीच. इनपुट वाढवाल तितका दाब वाढतो.

एलए-२ए सावकाश माणूस. अर्धा दाब ६० मिलिसेकंदांच्या आसपास सुटतो, उरलेला सुटायला काही सेकंद जातात. आलापीला छान, तबल्याला नको.

पुलटेकच्या बाबतीत गंमत अशी की ६० हर्ट्झवर बूस्ट आणि कट दोन्ही एकदम वाढवले तरी ते एकमेकांना खोडत नाहीत. कट थोडा वरच्या पट्ट्यात लागतो, त्यामुळे डग्गा खाली भरतो आणि वरचा चिखल कमी होतो. पण चॅनलचा लो-कट (खालचे सूर गाळणारा फिल्टर) १०० हर्ट्झवर तसाच राहिला असेल तर ही सगळी मेहनत पाण्यात. आणि सबवूफर नसेल तर ६० हर्ट्झ वाढवून अॅम्पची ताकद फुकट जाते.

‘ट्यूबची ऊब’ यावी म्हणून प्रीअॅम्पचा गेन (माइकचा आवाज आत घेतानाची वाढ) लाल दिव्यापर्यंत रेटणारे अजून भेटतात. डिजिटलमध्ये लाल म्हणजे नुसती करकर. पातळी मीटरवर साधारण उणे १८ डेसिबलच्या आसपास ठेवा.

इफेक्ट्स बसवायच्या जागा, म्हणजे स्लॉट, आठच आहेत आणि रिव्हर्ब-डिलेलाही त्यातलेच लागतात. त्यामुळे ‘ड्युअल’ प्रकार निवडा, एका स्लॉटमध्ये गायक आणि पेटी दोघांची सोय होते. काहीही बदलण्याआधी सीन, म्हणजे मिक्सरची सगळी मांडणी, सेव्ह करा. मी तो केला नव्हता, म्हणून त्या दिवशी शिट्टी थांबवायला पूर्ण गजर गेला.